रूबेनकाका, तुमचा दिवस कोणता धरायचा?

रूबेनकाका, तुम्हाला जाऊन आज तीस दिवस झाले की एकतीस, हे मला ठामपणे सांगता येत नाही. माझ्या तोंडून असं वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल. बावीस वर्षं मी कचेरीत पावसाची नोंद ठेवतो. दोन पॉइंट चार म्हणजे दोन पॉइंट चार, अडीच नाही. आणि तुम्ही गेलात त्या संध्याकाळी तुमच्या खाटेशी मी एकटाच होतो. तरीही सांगता येत नाही.

तुमच्या लेकीला, लीनाला, काल फोन केला. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी आपल्या दोघांचं बोलणं जिथे राहिलं होतं तिथून सुरुवात करतो.

आम्ही तुमच्या शेजारी राहायला आलो ते एकोणीस वर्षांपूर्वी. दोन ओट्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पहिल्याच महिन्यात गल्लीच्या नळासाठी अर्ज करायचा होता आणि मी सह्या गोळा करत फिरत होतो. शुक्रवारची संध्याकाळ होती. तुम्ही दारात आलात, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आत टेबलावर तेलाचे दोन दिवे. अर्ज वाचलात आणि म्हणालात, आज नाही, उद्या संध्याकाळी सही करतो. मी म्हटलं, उद्या कशाला, आजच करा. तुम्ही हसून म्हणालात, "उद्या केव्हाच सुरू झालाय."

घरी येऊन मी सरलाला सांगितलं की शेजारचे रेल्वेवाले निवृत्त झालेत आणि थोडे भरकटलेतही. ती भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "त्यास्नं डोकं बराबर शे. तुम्हीच नीट इचारी ल्या ना."

विचारलं. तेव्हा कळलं की तुम्ही ज्यू, कोकणातले बेने इस्राएल, अलिबागकडचे. तुमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. तुमचा दिवस सूर्य बुडाला की सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की संपतो. मी म्हटलं, काका, दिवस कसा संध्याकाळी सुरू होईल? संध्याकाळी तो संपतो. तुम्ही आधी चहा सांगितलात. मग विचारलंत की मंगळवारी संध्याकाळी सहाला पाऊस पडला तर तो मी कुठल्या तारखेला लिहितो. मी म्हटलं, बुधवारच्या. कारण मोजमाप सकाळी आठला होतं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला जातो.

"म्हणजे तुझ्या कचेरीतला बुधवार मंगळवारी सकाळी आठला सुरू होतो," तुम्ही म्हणालात. "मग माझा शनिवार शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाला तर तुला ताप का येतो?"

दीनाकाकू आतून म्हणाल्या, आता याला एक खुर्ची कायमची मांडून ठेवा.

ती खुर्ची खरोखर मांडली गेली. पुढची कितीतरी वर्षं शुक्रवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे असायचो. भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत तुम्ही पेल्यात घेऊन प्रार्थना म्हणायचात आणि मग एक घोट मलाही मिळायचा. मला तुमच्या धर्मातलं सगळं समजलं असं मी म्हणत नाही. जे समजलं ते तुमच्या नोकरीच्या भाषेतून समजलं.

सहायक स्टेशन मास्तर म्हणून तुम्ही सुरत-भुसावळ मार्गावर पस्तीस वर्षं काढलीत. मिनिटाला मिनिट. गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, किती उशीर, का उशीर. अशा नोकरीत दर आठवड्याला शनिवार सुट्टी कोण देणार? तुम्ही मागितलीही नाहीत. तुम्ही सहकाऱ्यांशी अदलाबदल केलीत. दिवाळीची पाळी तुमची, होळीची तुमची, ईदची तुमची, अक्षय तृतीयेची तुमची. पस्तीस वर्षांत एकही दिवाळी तुम्ही घरी काढली नाही, आणि त्या बदल्यात फार थोडे शनिवार गेले. मी एकदा कागद घेऊन बसलो आणि विचारलं, नेमके किती गेले? तुम्ही म्हणालात, गेलेले मोजत नाही. निवृत्त झाल्यावर ठाण्याला आपल्या लोकांत जायचं सोडून तुम्ही नंदुरबारलाच राहिलात, त्याचं कारण विचारलं तेव्हाही हेच निघालं. इथल्या लोकांनी तुम्हाला शनिवार दिले होते.

एकदा मी तुम्हाला टोचून बोललो होतो, ते आठवतं. म्हटलं, काका, तुमचं इथे देऊळ नाही, प्रार्थनेला दहा माणसं लागतात ती नाहीत, जवळचं प्रार्थनाघर शेकडो किलोमीटर लांब. आम्हाला तापी आहे, घाटावर गेलो की झालं. तुमचं काय? तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं. आता आठवेल तसं लिहितो. तुमच्या शास्त्रात देवाने जग केलं तेव्हा पहिल्यांदा पवित्र कशाला म्हटलं, तर कुठल्या डोंगराला नाही, नदीला नाही. एका दिवसाला.

"तापीकडे तुला जावं लागतं, दिलीप. शनिवार माझ्याकडे येतो. उधन्याला बदली झाली, तिथे आला. भुसावळला आला. नंदुरबारला तर पत्ता न विचारता आला."

आणि संध्याकाळ आधी का, तेही तुम्ही सांगितलंत. तुम्ही लोक दिवसभर राबता आणि उरलासुरला वेळ झोपेला देता, तुम्ही मला म्हणायचात. आमच्याकडे दिवसाची सुरुवातच विश्रांतीपासून. आधी मिळतं, मग करायचं. त्यावर मी म्हटलं होतं की शेतकऱ्याला हे परवडणार नाही, केळीला पाणी द्यायचं तर वीज येईल तेव्हा उठावं लागतं. तुम्ही मान्य केलंत. तुम्ही मला कधी तुमच्या बाजूला ओढायला पाहिलं नाही, म्हणून वाद घालायला मजा यायची.

माझ्या सगळ्यात आवडीचे तुमचे ते एकोणपन्नास दिवस. तुमच्या वल्हांडण सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून तुम्ही रोज एक दिवस मोजायचात, तोंडाने, मोठ्याने. आज अमुक दिवस झाले. मला वाटलं, चला, ह्या धर्मात आपल्या स्वभावाचं काहीतरी सापडलं. पण त्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावरून मी विचारायचो, काका, आज कितवा? आणि तुम्ही सांगायचात, "काल बावीस होते." रोज हेच. सरळ उत्तर नाहीच. दोन वर्षं मला वाटायचं की हा माणूस माझी गंमत करतोय. मग कळलं की प्रार्थना म्हणून मोजण्याआधी नुसता आकडा तोंडातून गेला तर मोजून झाल्यासारखं होतं, आणि नीट मोजायचं राहतं. म्हणून तुम्ही कालचा आकडा सांगायचात आणि आजचा मला स्वतःला काढावा लागायचा.

एका वर्षी तुम्हाला हिवतापाने पाडलं आणि पूर्ण एक रात्र आणि एक दिवस तुम्ही शुद्धीत नव्हता. बरे झालात तेव्हा पहिली चौकशी मोजणीची. मी म्हटलं, काळजी नको, कालचा मी मोजला होता, एकतीस. तुम्ही माझ्याकडे फार मायेने पाहिलंत. म्हणालात, दुसऱ्याचा दिवस मोजता येत नाही. आणि चुकलेला दिवस मागाहून भरताही येत नाही. त्या वर्षी तुम्ही पुढचे सगळे दिवस मोजलेत, पण मोजणीआधीचा आशीर्वाद म्हटला नाहीत. एक दिवस गळाला म्हणून. मला ते फार कडक वाटलं होतं. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणालात, रिकामी जागा रिकामी दिसली पाहिजे.

आता तो कॅलेंडरचा किस्सा. तुमच्या स्वयंपाकघरात मुंबईहून येणारं कॅलेंडर असायचं. प्रत्येक शुक्रवारी दिवे किती वाजता लावायचे ते त्यात छापलेलं. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी. एका जानेवारीत मी सहज पाहिलं तर तुमच्या दिव्यांची वेळ आणि खिडकीबाहेरचा उजेड यांचा मेळ बसेना. मग डोक्यात प्रकाश पडला. हे आकडे मुंबईचे. नंदुरबार मुंबईच्या पूर्वेला आणि उत्तरेलाही. थंडीत इथे सूर्य नऊ-साडेनऊ मिनिटं आधी बुडतो. जूनमध्ये फरक जेमतेम एक-दोन मिनिटांचा. म्हणजे तुम्ही कित्येक वर्षं इथे राहून मुंबईच्या सूर्याला दिवे लावत होता.

मी हे सांगितलं आणि सांगताना, खरं लिहितो, मला आनंद झाला होता. चूक सापडल्याचा आनंद. तुम्ही कॅलेंडर खाली काढलंत, चष्मा पुसलात, आणि विचारलंत, म्हणजे आम्ही सूर्य बुडाल्यावर दिवे लावत होतो? मी म्हटलं, नाही, तसं नाही. अठरातली आठ-नऊ मिनिटं उरत होती. तुम्ही वेळेच्या आतच होता. फक्त बाकीची नऊ मिनिटं तुम्ही मुंबईला दिलीत.

काकू एकदम हसल्या. म्हणाल्या, माहेरीच गेली की मग. त्या मुंबईच्या होत्या.

त्यानंतर एक वर्ष दर शुक्रवारी आपण गच्चीवर. पश्चिमेला मिरची वाळवायच्या पथारी, लाल मैदानंच्या मैदानं, आणि त्यांच्यामागे सपाट क्षितिज. मी घड्याळ रेडिओच्या टोल्यावर लावून आणायचो. सूर्याची शेवटची कड गेली की तुम्ही हात वर करायचात आणि मी वेळ लिहायचो. बावन्न शुक्रवारांपैकी सतरा ढगात गेले. ते आकडे मी गणिताने काढले आणि हिरव्या शाईत लिहिले, म्हणजे पाहिलेले कुठले आणि काढलेले कुठले ते कळावं. तुम्ही तो तक्ता भिंतीवर लावलात. शेजारी मुंबईचं कॅलेंडरही राहू दिलंत. मी म्हटलं, आता ते कशाला? तुम्ही म्हणालात, सण कुठल्या दिवशी ते त्यातच असतं. आणि काकूंना त्यातली चित्रं आवडतात.

ह्याच तक्त्यावरून आपला मोठा वाद सुरू झाला, जो संपला नाही. मी विचारलं होतं, सूर्य बुडाल्यावर दिवस बदलतो असं तुम्ही म्हणता. मग अठरा मिनिटं आधी दिवे लावल्यावर तुम्ही काम बंद करता, ते कशाच्या आधारावर? तेव्हा तर शुक्रवारच असतो. तुम्ही म्हणालात की दिवे लावले की आमचा शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवार, आत आला. माणूस तो थोडा आधी घेऊ शकतो, साध्या वेळातला थोडा तुकडा पवित्र वेळेला जोडू शकतो. पाहुणा फाटकाशी येण्याआधीच आपण ओट्यावर जाऊन उभे राहतो, तसं. मी म्हटलं, उभे राहा, पण पाहुणा आला असं म्हणू नका. दिवस सूर्य ठरवतो, माणूस नाही. तुम्ही म्हणालात, सूर्य दिवस संपवतो, माणूस तो सुरू करतो. मी म्हटलं, एकाच रेघेची दोन टोकं दोघांकडे कशी असतील? असं किती शुक्रवार चाललं. काकू गेल्या त्या वर्षी आपण हा वाद बंद ठेवला होता. पुढच्या वर्षी तुम्हीच एका संध्याकाळी म्हणालात, तर मग दिलीप, तू काय म्हणत होतास सूर्याचं? तेव्हा मला कळलं की तुम्ही आता सावरलात.

आणि मागच्या पावसाळ्यात, हृदयाचा त्रास वाढल्यावर, तुम्ही माझ्यावर ते काम सोपवलंत. तुमच्यात मरणाचा दिवस दर वर्षी पाळतात, तुमच्या पंचांगाच्या तारखेला, आदल्या संध्याकाळी दिवा लावून. तारीख बरोबर हवी तर सूर्यास्ताच्या आधी की नंतर हे नक्की हवं. लीना इस्राएलमध्ये, ती वेळेवर पोचेल असं नाही. "वेळ तू लिही," तुम्ही म्हणालात. "बाकी सगळं लीना करेल. वेळेच्या बाबतीत मी दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवत नाही." मला अभिमान वाटला होता. त्या अभिमानाचं काय झालं ते आता सांगतो.

तो शुक्रवार. दिवसभर तुम्ही पडूनच होता. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते, दवाखान्यात जायचं का विचारलं तर तुम्ही मान हलवलीत. तक्त्याप्रमाणे सूर्यास्त सहा दहा, दिवे पाच बावन्न. साडेपाचला तुम्ही मला टेबल खाटेशी ओढायला लावलंत. माझ्या हाताने लावलेला दिवा चालणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी तुमचं मनगट धरलं आणि काडी तुम्ही ओढलीत. तिसऱ्या काडीला पहिला दिवा लागला, चौथीला दुसरा. पाच बावन्न. ही वेळ मी पाहिली, ती पक्की. तुम्ही डोळ्यांवर हात घेऊन म्हणायचं ते म्हटलंत. मग आडवे झालात आणि विचारलंत, "लागले ना दोन्ही?" मी म्हटलं, लागले. "मग झालं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. मी तुमचा हात हातात घेऊन बसलो. खोलीची खिडकी पूर्वेची, सूर्य दिसत नव्हता. श्वास लांबत गेला. मधे किती वेळ गेला माहीत नाही. मी दिव्यांकडे पाहत होतो, तुमच्याकडे पाहत होतो. एकदा श्वास आला आणि पुढचा आला नाही. मला ते कळलं, पण मी हात सोडला नाही. सरला चहा घेऊन आली, तिने आमच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सहा एकवीस.

मी सरळ लिहितो. पाच बावन्न पक्के. सहा एकवीस पक्के. मधली एकोणतीस मिनिटं मला ठाऊक नाहीत. आणि सहा दहाची रेघ नेमकी त्यांच्यामध्ये पडते. गल्लीतले डॉक्टर आले, कागद काढला, वेळ विचारली. माझ्या तोंडून गेलं, सव्वासहा. आयुष्यात पहिल्यांदा मी ना पाहिलेला ना काढलेला आकडा दिला, आणि तोही हिरव्या शाईशिवाय.

त्या रात्रीपासून रविवारपर्यंतचं तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुम्हाला आवडलं असतं. गल्ली जमली. मिरचीवाले गजाननभाऊ म्हणाले, "आख्खा दिन कसाले ठेवतंस? आतेच गाडी बलावूत, सकाळे ठाणं." त्यांचं चूक नव्हतं. आपल्याकडे माणूस गेला की घाई करतात. मी म्हटलं, उद्या शनिवार आहे. शनिवारी काका कुठेही जात नसत. भाऊ म्हणाले, हां, ते शे. आणि बर्फाची पेटी आणायला स्वतः गेले.

तुमच्यात गेलेल्याला एकटं सोडत नाहीत, म्हणून शनिवारी मी दिवसभर तुमच्यापाशी बसलो. सरला अधूनमधून यायची. एरवी शनिवारी मी गावाकडे जातो, केळीचे घड पाहायचे, कापसाची वेचणी कुठवर आली ते पाहायचं. मी गेलो नाही. फोन दोन ओट्यांमधल्या भिंतीवर ठेवून आलो. करायला काही नव्हतं आणि करू नये असं ठरलेलं होतं. दुपारी कधीतरी लक्षात आलं की किती वाजले हे मी बराच वेळ पाहिलेलं नाही. तुम्ही एकोणीस वर्षं जे सांगत होता ते त्या दुपारी थोडं समजलं. तो दिवस कशाच्या तरी आधीचा किंवा नंतरचा नव्हता. पूर्ण होता. मी दुःखात होतो आणि तरी बरा होतो. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

संध्याकाळी गल्ली गच्चीवर. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो हे मी सांगितल्यावर सगळे मान वर करून. कुणीतरी पश्चिमेला बोट दाखवलं, तर मी म्हटलं, तो ग्रह, तो धरायचा नाही. गजाननभाऊ म्हणाले, "भो, काका तं तो बी धरी लेतीन, तूच नियमवाला शे." पहिला तारा सरलाने पाहिला. दुसरा भाऊंनी. तिसऱ्याला पाच-सहा मिनिटं लागली, आणि तो दिसला तेव्हा ज्यांनी आयुष्यात ज्यू पाहिला तो फक्त तुमच्या रूपात, त्या बारा-पंधरा माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. मग गाडी निघाली. रविवारी दुपारी ठाण्याला दीनाकाकूंच्या शेजारी तुम्हाला ठेवलं. लीना सकाळच्या विमानाने पोचली होती. प्रार्थनेला लागणारी दहा माणसं तिथे होतीच. मी मोजली. तेवीस.

दोन आठवड्यांनी लीनाचा फोन आला. तुमच्या कबरीच्या दगडावर कोरायच्या तारखेबद्दल. तिने सगळं मांडून ठेवलं होतं, तुमचीच मुलगी. म्हणाली, दिलीपदादा, बाबा सव्वासहाला गेले, सूर्यास्त सहा दहा, म्हणजे पुढची तारीख. बरोबर ना? आणि मी हो म्हटलं.

काका, ते हो मला दोन आठवडे पचलं नाही. ती दर वर्षी दिवा लावणार. तिच्यानंतर तिची मुलं लावतील. सगळे माझ्या एका अंदाजावर. चुकीच्या दिवशी लागला तर तो दिवा वाया जातो की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही आकड्यासाठी माझ्यावर विसंबला होता. सरलाला सांगितलं. ती म्हणाली, "सांगी टाका. लीना काय खाई जावाव शे का?"

म्हणून काल रात्री, लीनाकडेही तारे दिसून गेल्यावर, मीच फोन केला. सगळं सांगितलं. पाच बावन्न, सहा एकवीस, मधलं ठाऊक नाही, सव्वासहा मी बनवलं. मला वाटलं, आता ती रागावणार. तिने एवढंच विचारलं, "दादा, तुम्ही घड्याळ का पाहिलं नाही?"

मी म्हटलं, हात धरला होता. डाव्या हाताने धरला होता आणि घड्याळ त्याच मनगटावर होतं. हात वळवावा लागला असता.

ती रडली आणि नंतर हसली. म्हणाली की बाबा फोनवर सांगायचे, दिलीप सूर्याचीही चूक काढेल. मग तिने तिथल्या एका जाणत्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारून थोड्या वेळाने परत फोन केला. त्यांनी सांगितलं की सूर्य बुडणं आणि तारे दिसणं यांच्यामधला वेळ तुमच्या शास्त्रातही अनिश्चितच धरतात, ना धड आजचा ना धड उद्याचा, आणि अशा शंकेत माणसाने दोन्ही बाजूंना जपावं. लीनाने ठरवलं ते असं. दिवा दर वर्षी दोन्ही संध्याकाळी लागेल. दगडावर मात्र शब्बाथची तारीख. कारण बाबांनी पाच बावन्नला शब्बाथ आत घेतला होता, आणि ते त्याच्यातच गेले, सूर्य कुठेही असो.

म्हणजे आपल्या वादाचा निकाल तुमच्या बाजूने लागला, आणि तोही दगडावर. मी अजूनही सूर्याच्याच बाजूने आहे. त्यावर आणखी दोन मुद्दे माझ्याकडे आहेत. पण त्या खोलीत दिवे लागल्यानंतरचा वेळ मला शुक्रवार वाटला नव्हता, हे तुमच्यासमोर कबूल करायला हवं.

आज सकाळी पावसाच्या नोंदवहीसारखी एक ओळ तुमच्यासाठी वेगळ्या वहीत आखली. आमच्या नोंदीत आकडा नसेल तर कारण लिहावं लागतं, नाहीतर वरचा अधिकारी पान परत पाठवतो. वेळेच्या रकान्यात लिहिलं, पाहिली नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, काकांचा हात हातात होता. खाली सही केली. बावीस वर्षांत सोडलेली पहिली रिकामी जागा ती, आणि तिच्याकडे पाहून मला बरं वाटलं.